डोंबिवली स्लो

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर मास्तरांनी एका जातीच्या संख्यांना 'डेम्लो संख्या' असं नाव दिलं होतं. डेम्लो म्हणजे मुंबईपासून तीस मैलांवरचं जीआयपी (आजच्या मध्य) रेल्वेचं स्टेशन, आजची आमची डोंबिवली. तिथे गाडी बदलताना त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून हे नाव. त्यातल्या सगळ्यात देखण्या अशा: 11 चा वर्ग 121, 111 चा वर्ग 12321, 1111 चा 1234321. अंक ओळीने चढतात आणि तसेच उतरतात. ज्या फलाटावर मला आजवर 'आज गर्दी जास्त दिसते' यापलीकडे काही सुचलेलं नाही, तिथे एका मास्तरांना हे सुचलं. डोंबिवलीकरांनी या गोष्टीचा पुरेसा अभिमान बाळगलेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आम्हाला मिरवायला पाडव्याची शोभायात्रा आणि पोळी-भाजी केंद्रं पुरतात.

कापरेकरांकडे एमए नव्हतं, विद्यापीठाची खुर्ची नव्हती. 1930 ते 1962 ते देवळालीत शाळामास्तर होते. संख्यांचं वेड नोकरीच्या बाहेरचं. 1949 मध्ये त्यांनी 6174 ही संख्या जगापुढे ठेवली, आणि ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ती पाहायची तर तुमचा एटीएमचा पिन घ्या. (मी बँकेत आहे, त्यामुळे मोठ्याने म्हणू नका. आणि चारही अंक सारखे असतील तर आधी पिन बदला.) अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. उत्तराचं पुन्हा तेच. 3524 घेतले तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. तिथे गाडी थांबते. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत 6174 ला पोचता. मार्टिन गार्डनर यांनी 1975 मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात लिहिलं तेव्हा कुठे जगाला हे मास्तर ठाऊक झाले. तोवर मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

गणितात मला कधी साठाच्या वर मार्क पडले नाहीत, तरी गेली काही वर्षं कापरेकर माझ्या डोक्यात आहेत. माझं कारण वेगळं आहे. नोकरी, घर आणि तिसरं काहीतरी, हे ज्यांनी निभावलं त्यांनी ते नेमकं कसं निभावलं, हे मला बघायचं असतं. चरित्रांत याचं उत्तर 'अथक परिश्रम' असं दिलेलं असतं. ते मला पटत नाही. अथक परिश्रम आमच्या लेडीज डब्यातली प्रत्येक बाई करते, आणि त्यातून कुणाच्या नावाची संख्या निघत नाही.

माझं तिसरं काहीतरी म्हणजे मोडी. बँकेत फोर्टच्या शाखेत नोकरी, घरी नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई, आणि उरल्या फटीत एका गावाचे मोडी कागद वाचून ते बाळबोध लिपीत उतरवून काढायचे. कागद माझ्या आजोळचे. आजोळ गुहागर तालुक्यातलं, घराणं खोताचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्याचं. खोती 1949 च्या कायद्याने संपली, पण दप्तर माळ्यावर राहिलं. मामांनी वाळवी लागली म्हणून ते खाली काढलं आणि 'तुला हौस आहे तर बघ, नाहीतर बंबात' असा निरोप धाडला. मी जाऊन मिळतील तेवढ्या कागदांचे फोटो काढून आणले. बहुतेक एकोणिसाव्या शतकातले: वसुलीच्या वह्या, कबुलायती, कुणाकडे किती खंडी भात, कुणाकडे अर्धेल (निम्म्या पिकाचा खंड), कुणाकडे तिर्धेल (तिसऱ्या हिश्श्याचा), कुणाचं मागील सालाचं येणं. तळाशी थोडे पेशवाईतले.

मोडी शिकणं अवघड नाही. पुराभिलेख विभागाचे वर्ग असतात, भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था शिकवतात, मुळाक्षरं थोड्या दिवसांत येतात. वाचता येणं ही मात्र वेगळी गोष्ट. लिहिणारा कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि मग हात शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरं ओवत जायचा. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. मौजे, तर्फ, परगणे हे शब्द एकेका अक्षरावर आटोपलेले. त्यात प्रत्येक कारकुनाचा हात निराळा. जुन्या कागदांवर साल अरबी शब्दांत असतं: 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, शुहूर या तेव्हाच्या कालगणनेतलं सन 1161. त्यात 599 मिळवले की 1760 येतं, आणि शुहूर साल मृगाला बदलत असल्यामुळे ते 1761 च्या उन्हाळ्यापर्यंत चालतं. पानिपतचं साल. आमच्या दप्तरात या सालाचा एक कागद आहे आणि त्यात एका सुपारीच्या आगराच्या हद्दीचं भांडण आहे. तिकडे उत्तरेत काय चाललंय याचा त्यात मागमूस नाही. हद्दीवरचा फणस कुणाचा, एवढंच.

हे सगळं मी करते ते बहुतेक गाडीत. सकाळची डोंबिवलीहून सुटणारी स्लो पकडते. फास्ट घेतली तर घरून उशिरा निघता येतं, पण ती कर्जत-कसाऱ्याहून भरून येते आणि तिच्यात उभं राहायला मिळालं तरी नशीब. स्लोला सव्वा तासाच्या वर लागतो, पण सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळतं. म्हणजे मी लवकर उठून, जास्त वेळ प्रवास करून, एक सीट विकत घेते. मैत्रिणींना हा व्यवहार कळत नाही. मोबाइलच्या वरच्या अर्ध्या भागात कागदाचा फोटो, खालच्या अर्ध्यात टायपिंग. कोपरला सुरू करायचं, मस्जिदला बंद. मध्ये मुंब्र्याला कुणी 'जरा सरका ना' म्हटलं की सरकायचं, कुणाचा वाढदिवस असला की ढोकळा खायचा, ठाण्याला शाळेच्या ग्रुपवर गणवेशाचा निरोप आला की उत्तर द्यायचं, आणि परत त्याच ओळीवर यायचं.

या परत येण्यात मला सगळं गमक दिसतं. नोकरी-संसार सांभाळून छंद जोपासण्याविषयी जेवढं बोललं जातं ते सगळं वेळेविषयी असतं: पहाटे उठा, टीव्ही कमी करा, आठवड्याचं कोष्टक करा. वेळ माझ्याकडेही आहे. दिवसाकाठी सगळी मिळून दीडेक तासाची भर निघते. पण ती सलग कधीच नाही. दहा मिनिटं, सोळा मिनिटं, डाळ शिजेपर्यंत, मुलगा क्लासहून येईपर्यंत. असल्या चिंध्यांमध्ये काही कामं बसतात आणि काही जन्मात बसणार नाहीत. मोडीची ओळ बसते. ओळ वाचली, उतरवली, लागलं नाही तिथे टिंबं दिली, कागदाचा आणि ओळीचा आकडा टाकला की उठायला मोकळी. दोन दिवसांनी परत आले तरी ओळ तिथेच आहे. दोनशे वर्षं थांबलेली आहे, तिला घाई नाही. कापरेकरांची वजाबाकीही अशीच. प्रयोगशाळा नको, मदतनीस नको, गाडी आली तर कागद खिशात. काम निवडतानाच त्याचा तुकडा किती मोठा आहे हे पाहायला हवं, असं मी आता कुणी विचारलं तर सांगते. कथा-कादंबरी लिहायला घेतलेल्या माझ्या दोन सहकारी याच खडकावर फुटल्या. हुशारी त्यांच्याकडे माझ्याहून जास्त आहे. पण कादंबरीला डोक्यात बिऱ्हाड करायला जागा लागते, आणि काउंटरवर बसणाऱ्या बाईचं डोकं दिवसभर दुसऱ्यांना भाड्याने दिलेलं असतं.

याच्या अगदी उलट टोक आमच्याच घरात आहे. नवरा हौशी नट आहे. त्याची नोकरी ऐरोलीला, आणि नाट्यसंस्था इथली. महाराष्ट्रात राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून भरते आहे, आणि मला खात्री आहे की तेव्हापासून दर वर्षी काही हजार घरांत दिवाळीच्या आसपास तेच संवाद होत आले आहेत जे आमच्याकडे होतात. नाटकाला तुकडे चालत नाहीत. नऊ माणसं एकाच वेळी, एकाच जागी, दोन-अडीच महिने रोज हवीत. एकाचं पोर तापलं की आठ जणांची तालीम वाया. शाळेच्या रिकाम्या वर्गात रात्री साडेआठला सुरू होते आणि अकराला संपते, मग बाहेर चहा, चहावर नाटकाची चिरफाड. दिवाळीनंतरचे दिवस हे माझ्या बँकेत हयातीच्या दाखल्यांचे. नोव्हेंबरात शाखेत पेन्शनरांची रांग दारापर्यंत असते. थरथरता अंगठा मशीन ओळखत नाही, तो पुसून पुन्हा ठेवायला लावायचा, पुन्हा, आणि आजोबा 'मी जिवंत आहे हे दिसत नाही का तुम्हाला?' असं विचारतात, आणि त्यांचं चूक नसतं. तिथून घरी यावं तर नवरा दारात बूट घालत असतो.

मी भांडले नाही असं नाही. त्याचा ठरलेला दाखला डॉ. जब्बार पटेलांचा आहे: ते दौंडला दवाखाना चालवून पुण्याला नाटकं बसवायचे. मध्येच निळू फुले येतात, लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करून कलापथकात काम करणारे. हे सगळे थोरच आहेत. पण दाखला देताना माणूस नेहमी अशाच लोकांचा देतो ज्यांच्या घरचं त्या वेळी काय म्हणणं होतं हे कुठे छापलेलं नाही.

खरी गंमत मला फार उशिरा लक्षात आली. तो घराबाहेर पडतो तेव्हा तो 'तालमीला' जातो. त्याचं जाणं दिसतं, पिशवी दिसते, स्क्रिप्ट दिसतं. मी जेवणानंतर कोपऱ्यात बसून कबुलायत वाचत असते तेव्हा मी 'मोबाइलवर' असते. 'मम्मी मोबाइलवर आहे.' 'तिला सांगून बघ, पण ती मोबाइलवर आहे.' सासूबाई तर शेजारणीला म्हणाल्या, आमच्याकडे पोरगा कमी आणि सून जास्त बघते मोबाइल. त्यांना दोष कसा देणार? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मग मी फोटोंच्या प्रिंट काढून आणल्या. ए-फोर, काळ्यापांढऱ्या, स्टेशनजवळच्या दुकानातून, आणि एक फुलस्केप वही. घरी फक्त कागदावर करायचं, गाडीत मोबाइलवर. आठवड्याभरात घरातली भाषा बदलली. 'आई, ती लिहितेय' असं नवऱ्याने सासूबाईंना दबक्या आवाजात सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. काम तेच. पण वहीला जो मान आहे तो स्क्रीनला नाही, आणि पुढची पिढी काय करेल ते करो, आमच्या घरात तरी अजून कागदावर वाकलेल्या माणसाला पाणी आणून देतात.

सलग वेळ मला मिळाला तरी तो वापरता येत नाही, ही अजून एक मौज. बँकांना 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुटी आहे. मला वाटलं होतं, आता महिन्याचे दोन शनिवार काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या अभिलेखागारात बसेन, रत्नागिरी जिल्ह्याचे कागद मागवीन. पण तिथे सरकारी वेळा. आणि फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस राज्य सरकारच्या कार्यालयांनाही पाच दिवसांचा आठवडा झाला. म्हणजे माझी सुटी तीच त्यांची सुटी. मला जायचं तर रजा टाकावी लागते, आणि बँकेतली रजा मार्चअखेर, ऑडिट, मुलाची परीक्षा आणि गावचं लग्न यांतून उरली तर. इतिहासाची साधनं जपणाऱ्या जागा पूर्णवेळ संशोधकांसाठी आणि निवृत्तांसाठी उघड्या असतात. मधली तीस वर्षं ज्यांची नोकरीत जातात त्यांनी फोटोवर भागवावं. या कामात जे हौशी लोक भेटतात त्यांत साठीच्या पुढचे पुरुष इतके का असतात याचं कोडं मला त्या वेळापत्रकाने सोडवून दिलं.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांची मला म्हणूनच फार कमाल वाटते आणि थोडी भीतीही. दापोलीजवळच्या मुरूडचा हा माणूस 1853 सालचा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पोटाला मास्तरकी. शाळा, ट्रेनिंग कॉलेज, बदल्या. आणि हे करता करता त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा अख्खा इतिहास मराठीत लिहिला, तो 1896 मध्ये बाहेर पडला. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर केलेलं त्यांचं 'इंडियन कॅलेंडर' लंडनला छापलं गेलं. हिंदू आणि मुसलमानी तारखांवरून इसवी सनाची तारीख काढायची कोष्टकं त्यात आहेत. मी ती वापरते. कागदावर 'छ 12 रजब' असं आलं की त्या दिवशी इंग्रजी तारीख कोणती हे मला एका मास्तराने रात्री जागून मांडलेली कोष्टकं सांगतात. त्यातला एकेक आकडा हाताने काढलेला आहे. आणि 1898 मध्ये दीक्षित गेले. पंचेचाळिशीही पुरी झाली नव्हती. मी आज त्याच वयाच्या जवळ आहे. कामाने माणूस मेला असं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही, आणि तसं म्हणायचंही नाही. पण 'झोप कमी करा' असं सांगणारा लेख दिसला की मला ती दोन सालं शेजारी शेजारी दिसतात, आणि मी साडेदहाला दिवा घालवते.

दीक्षितांच्या घरी स्वयंपाक कोण करत होतं हे विचारायची गरजच नाही. आमच्या घरी कोण करतं ते मात्र सांगायला हवं, कारण माझा दीड तास आकाशातून पडलेला नाही. पोळ्या करायला मावशी येतात. भाजी सासूबाई चिरून ठेवतात, आणि मुलाचा संध्याकाळचा चहा-पोहे-क्लास हे सगळं त्यांच्याकडे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांचे 88. लक्षात घ्या, हे जे पुरुष करतात त्यांचीच सरासरी आहे. जे करतच नाहीत ते हिशेबाबाहेर. माझी मिनिटं या सरासरीहून कमी भरतील. पण ती नाहीशी झालेली नाहीत, दुसऱ्या दोन बायकांच्या खात्यावर वळती झाली आहेत. एकीला मी पगार देते. दुसरीला काय देते हे मला नीट सांगता येत नाही. त्यांच्या गुडघ्याच्या डॉक्टरकडे मी रजा टाकून जाते, आणि कधी कधी जेवताना कागदातली गंमत सांगते. फणसाचं भांडण त्यांना फार आवडलं. निकाल काय लागला, हे त्या अजून विचारतात. निकालाचा कागद वाळवीने खाल्लाय.

हे असं बरं चाललेलं असताना 2023 सालची दिवाळी आली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली होती. आधी ती मराठवाड्यापुरती होती, मग राज्यभर काम सुरू झालं. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, महसुली कागद, शाळांचे दाखले, यांतलं कितीतरी मोडीत. एकाएकी मोडी वाचणाऱ्यांना शोधत लोक यायला लागले. तोवर माझ्या छंदाला 'काय उपयोग?' असं विचारणारे नातेवाईक 'अगं, पानाला किती घेतेस?' विचारू लागले. एका एजंटाने तर घसघशीत दर सांगितला. राष्ट्रीयीकृत बँकेच्या अधिकाऱ्याला आचरण-नियमांनुसार बाहेर पैसे घेऊन दुसरं काम करता येत नाही. साहित्य, कला, शास्त्र यांतलं प्रासंगिक काम तेवढं चालतं. त्यामुळे पैशाचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. (एका मावसभावाने 'मग नवऱ्याच्या नावावर घे' असा मार्ग सुचवला. तो सीए आहे.) पण फुकट वाचून द्यायला कोणता नियम आड येतो?

मी दिलं वाचून. लोक चांगले होते, गरजू होते. कुणाच्या मुलीचा प्रवेश, कुणाची भरतीची जाहिरात, कुणाची शेवटची तारीख परवा. आणि त्या काळात कामाचा पोत बदलला. कागद तेच, अक्षरं तीच, ओळ तेवढीच. पण आता ती ओळ सोडून उठता येईना. कुकर झाला तरी 'एक मिनिट', मुलगा हाक मारतोय तरी 'एक मिनिट'. टिंबं देऊन पुढे जायची सोय नाही, कारण त्या टिंबांतच कुणाच्या पणजोबांची जात लिहिलेली. गाडीत मुंब्र्याला कुणी सरकायला सांगितलं तर मी खेकसले, आणि ढोकळा आणणारी मैत्रीण म्हणाली, 'तुझं ऑफिस काय गाडीतच सुरू होतं का हल्ली?' बरोबर होतं तिचं. मुदत लागली की कोणतंही काम नोकरी होतं, पैसे मिळोत न मिळोत. माझ्याकडे एक नोकरी आहे आणि एक घर आहे, आणि घरही मुदतींनीच भरलेलं असतं. तिसऱ्या मुदतीला जागा नाही.

तेव्हापासून कुणी आलं तर मी पुराभिलेख विभागाच्या परीक्षा दिलेल्या, पूर्णवेळ हे काम करणाऱ्या वाचकांकडे पाठवते. त्यांचं पोट त्यावर आहे, त्यांच्या वाचनाला कार्यालयात किंमतही आहे.

एका माणसाला मात्र पाठवलं नाही. तो आजोळच्याच गावचा, आता विरारला राहणारा. त्याला दाखला नको होता. आमच्या मामांच्या दप्तरात आपल्या पणज्याचं नाव आहे का, एवढंच पाहायचं होतं. कोकणातल्या कुळांकडे स्वतःचे कागद क्वचित असतात. कागद लिहिणारा खोत, ठेवणारा खोत. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं होतं. त्यांनी ते का मांडलं हे आमच्या वसुलीच्या वह्या वाचल्या की कळतं, सालोसालची येणी आणि त्यापुढे तेच तेच आडनाव. त्या माणसाच्या पणज्याला वहीच्या बाहेर कुठेच पुरावा नव्हता. मी त्याला म्हटलं, मिळेल, पण कधी ते सांगता येणार नाही. तो म्हणाला, 'चालेल ताई. शंभर वर्षं गेलीच ना.' वर्षभराने सापडलं. नाचणीच्या हिशेबात, पायलीच्या आकड्याशेजारी. त्याला फोटो पाठवला, आणि त्या पानावरच्या सगळ्या कुळांची नावं उतरवून पाठवली. आता मी खोताच्या पत्रांपेक्षा कुळांच्या यादीलाच आधी हात घालते. मामांना हे फारसं रुचलेलं नाही. त्यांना घराण्याचा इतिहास हवा होता.

यंदाच्या दिवाळीनंतर पुन्हा नाटक आहे. या वेळी शाळेचा वर्ग मिळाला नाही, म्हणून तालमी पाळीपाळीने सगळ्यांच्या घरी होतात, आणि आमचा हॉल मोठा म्हणून आमच्याकडे जास्त. त्याचा फायदा असा की नवरा घरात असतो. तोटा असा की बाकीचे आठ जणही असतात. सासूबाई खूश आहेत. त्यांना सगळ्यांचे संवाद पाठ झालेत आणि कुणी अडखळलं तर त्या आतून ओरडून सांगतात. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही घेऊन बसते. नाटक पेशवाईतलं आहे, त्यात एक खलिता वाचायचा प्रसंग आहे. दिग्दर्शक आत आला आणि म्हणाला, 'वहिनी, एक अस्सल मोडी पत्र लिहून द्या ना. तारखेच्या आत हवं, ड्रेस रिहर्सलला लागेल.'

'तारीख असेल तर नाही जमणार,' मी म्हटलं.

नवरा दारात आला. 'अगं, चार ओळी तर आहेत.'

'मग बाळबोधीत लिहा. प्रेक्षकांत वाचणारं कोण बसलंय?'

'परीक्षक असतात,' दिग्दर्शक गंभीरपणे म्हणाला.

शेवटी मुलाने लिहिलं. अक्षरं माझ्या वहीतून बघून काढली. रेघ आधी ओढून घे, एवढंच मी त्याला सांगितलं. त्याने मायना 'राजमान्य राजश्री' असा झोकात घातला आणि खाली दिग्दर्शकाच्या नावावर मागच्या स्पर्धेपासूनची चहाची उधारी मांडली. प्रयोगात ते पत्र तसंच वाचलं जाणार आहे, म्हणजे हातात धरलं जाणार आहे. नटाला संवाद पाठ आहेत. दिग्दर्शकाला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.